मालवणची की कुडाळची?

यंदा भात झोडायला मशीन आणलं. आमच्या खळ्यात ते दोन तास धडधडलं, सगळं भात मोकळं करून दिलं आणि निघून गेलं. मागे राहिला पेंढ्याचा ढीग, अंगभर टोचणारी कूस आणि बधिर झालेले कान. मशीन गेल्यावर जी शांतता पसरली, तिच्यात पडवीतून बारीक टिकटिक ऐकू आली. शेजारचं मांजर माझ्या सायकलीच्या कॅरिअरवरून उडी मारून पळालं होतं आणि स्टँडवर चढवलेल्या सायकलीचं मागचं चाक आपलं एकटंच फिरत होतं. मी तिथेच खळ्याच्या कडेला बसले. कार्तिकातलं ऊन, सुकत घातलेल्या भाताचा वास आणि ती टिकटिक, एवढं एकत्र आलं की माझं त्या दिवशी दुसरं काही काम होत नाही, हे मला आता ठाऊक झालेलं आहे.

लोकांना नव्या भाताबरोबर नव्या तांदळाचे घावणे आठवतात. मला सायकल आठवते. माझं डोकंच तसं, त्याला काय करणार!

तो हंगामच सायकलीचा होता. आमचा जिल्हा रत्नागिरीतून वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तरी म्हातारी माणसं पत्ता सांगताना अजून 'जिल्हा रत्नागिरी' असंच सांगत. वडील जाऊन तीन वर्षं झालेली. घरात आई आणि मी दोघीच. डी.एड. होऊन मी घरी बसले होते, आणि भाद्रपदात, गणपती पोचवून आम्ही ओल्या पायांनी घरी येतो तो माझ्या नोकरीचा कागद येऊन पडलेला. मसुऱ्यापलीकडच्या एका वाडीतली शाळा, हंगामी शिक्षिका. आईने तो कागद दोनदा वाचला आणि देवासमोर ठेवला. आई वाचायची बरं का. सुक्या बांगड्यांची पुडी आली तर आधी बांगडे काढून तो कागद उन्हात सुकवायची आणि मग ओटीवर बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

दिवाळीपर्यंतचं निभावलं. शाळेजवळ माझी एक मावशी राहायची, तिच्याकडे मी राहिले. पण दिवाळीनंतर तिची मुलगी बाळंतपणाला येणार होती, तेव्हा तिथे जागा नव्हती. घरापासून शाळा नऊ किलोमीटर. आमच्या फाट्यावर पहिली एसटी यायची, तेव्हा शाळेत प्रार्थना होऊन पहिला तास निम्मा झालेला असायचा. हेडमास्तर सज्जन गृहस्थ. सुट्टी लागायच्या दिवशी त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "बाई, सुट्टीनंतर वेळेवर येणं जमणार असेल तरच हो म्हणा. नाही तर तसं कळवा, मी वर लिहितो. मुलांच्या वर्षाचा प्रश्न आहे." म्हणजे गोष्ट साधी होती. सुट्टी संपायच्या आत सायकल आली तर नोकरी राहणार, नाही तर मी पुन्हा घरी. सायकल मला येत होती, डी.एड.च्या मैदानात मैत्रिणीच्या सायकलवरून चांगली दहा वेळा आपटून शिकले होते. पैसे पगारातून बाजूला काढून ठेवले होते. आता घोडं अडलं होतं ते तातूंपाशी.

तातू म्हणजे वडिलांचे थोरले चुलतभाऊ. भावकीत सगळ्यांत मोठे आणि गावच्या रवळनाथाच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. वडील गेल्यापासून आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टींवर शेवटचा शब्द त्यांचा असायचा. वाईट माणूस नव्हता. वडिलांच्या दुखण्यात रात्रंदिवस उशाशी बसून होता. पण जगात नवीन काही होऊ नये आणि झालंच तर ते दुसऱ्या गावात व्हावं, असं त्यांचं एकंदर म्हणणं. त्यांचे धाकटे भाऊ आबा त्यांच्याच घरात, मधल्या भिंतीपलीकडे राहायचे. तातू पूर्व म्हणाले की आबा पश्चिम. तातूंनी आंब्याला खत घातलं की आबा नारळाला घालणार. दोघे एकमेकांशी सरळ बोलत नसत, तिसऱ्याला उद्देशून बोलत.

तर आम्ही भात झोडत होतो. तेव्हा मशीन कुठलं? लाकडी बाकावर पेंढी आपटायची, दाणे उडून पायांवर बसायचे. संध्याकाळची उन्हं आडवी झालेली. तातू आले, कडेच्या दगडी गडग्यावर बसले, पानाची चंची सोडली. त्यांच्या कानावर गेलंच होतं.

"सायकल घेतंस, असा आयकलंय," तातू मला म्हणाले. "आपल्या भावकीत बायल माणूस सायकलीर बसूक नाय अजून. लोक तोंडात श्याण घालतले."

मी पेंढी खाली टाकली. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं. तेवढ्यात आई कंबर सरळ करत, अगदी सहज, मिठाचा भाव विचारावा तसं म्हणाली, "दादानू, मी आपला इचारतंय. सायकल मालवणची बरी की कुडाळची?"

तातूंचा पान लावणारा हात थांबला.

"कुडाळची?" ते म्हणाले. "कुडाळात कोण वस्तू घेता? थंय सगळो देखणो माल. मी थंयना छत्री हाडलंय, ती पयल्याच वाऱ्यात उलटी झाली!"

मागून, आपल्या खळ्यातून, आबांचा आवाज आला. उद्देशून अर्थात आईला. "वैनी, सांग तेंका. वाऱ्यात छत्री कशी धरूची ता येवक नाय, तेका कुडाळ काय करतला? आज सायकल घेवची तर कुडाळातच. धा सायकली लायनीत उभ्यो असतत. मालवणात एक काळी, एक गंजलेली."

आणि तातू उभे राहिले! पान तसंच हातात. मालवणच्या बाजारपेठेची थोरवी त्यांनी आरमारापासून सुरू केली. मी आणि आई पेंढ्या आपटत राहिलो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी ती तऱ्हा. सायकल अजून कुठल्या तरी दुकानात खाकी कागदात गुंडाळलेली आणि तिच्यावरून हे दोन म्हातारे दोन खळ्यांतून एकमेकांची छत्री काढतायत.

मी मात्र आईवर चिडले होते. जेवताना म्हटलंच, "तू तातूंना सरळ का सांगत नाहीस? नोकरी माझी, पैसे माझे. नको तिथे मालवण-कुडाळ काढत बसलीस."

"सुंगटां खा," आई माझ्या ताटातली कोलंबी दाखवत म्हणाली. "थंड होतत."

मग काय, तो सगळा हंगाम त्यातच गेला. कापणीला एकमेकांकडे माणसं जायची पद्धत, त्यामुळे गावातल्या भाताच्या प्रत्येक कुणग्यात ही चर्चा पोचली. विळे चालायचे, तोंडं चालायची. सकाळी दहाला शेताच्या बांधावर उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड आली की कोणी तरी विचारायचंच, "काय ठरला गो सायकलीचा?" कुणी कोल्हापूर सुचवलं, तिथून भाजीच्या ट्रकच्या टपावर टाकून आणायची. गोव्याच्या हद्दीवर बांद्याला ज्याची बहीण दिलेली होती, त्याने गोव्याची सुचवली. एका म्हातारीने विचारलं, सायकल आंगणेवाडीच्या जत्रेत मिळत नाही का, तिथे सगळंच मिळतं. सगळ्यांना मत होतं. ज्यांनी जन्मात सायकलीला हात लावला नव्हता, त्यांना तर जास्तच होतं. मला तेव्हा वाटायचं, शिरा पडो ह्यांच्या तोंडार, एकालाही माझी काळजी नाही. दिवस मात्र जात होते. कापलेल्या शेतांत पिवळी खुंटं उरली, त्यांत गुरं सुटली, बगळे आले. सकाळी गवतावर दव पडायला लागलं, आणि माझी सुट्टी दिवसादिवसाने आटत होती.

एक दिवस मी कुणाला न सांगता मालवणला गेले. बाजारातून बंदराकडे जाताना एका बोळात पेद्रूबाबचं दुकान होतं. भाड्याच्या सायकली, पंक्चर, आणि वर्षाला दोन-चार नव्या सायकली. पत्र्याचं छप्पर, आत रबर सोल्यूशनचा वास, उलट्या टांगलेल्या सायकली आणि भिंतीवर सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची तसबीर, तिच्यासमोर एक लाल बल्ब. पेद्रूबाब साठीचे, अंगाने काटकुळे, बनियनवर काळे डाग, आणि समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या चपलांकडे बघून बोलायची सवय.

"कित्याक व्हयी सायकल? मिरवूक की जावक?" त्यांनी विचारलं.

"जावक," मी म्हटलं.

"खंय?"

मी सांगितलं. नऊ किलोमीटर जाताना, नऊ येताना. दोन चढ. वाटेत व्हाळावर पूल नाही, लाकडी साकव आहे, एक माणूस जाईल एवढाच.

"साकव!" ते म्हणाले. आणि कोपऱ्यातली एक जुनी काळी सायकल त्यांनी माझ्यासमोर आणून उभी केली. "मगे ही उचल."

मी बघतच राहिले. सायकल बसायला घ्यायची की उचलायला? पण त्यांचा चेहरा गंमत करणाऱ्याचा नव्हता. मी दोन्ही हातांनी उचलली, तीन पावलं गेले आणि भेलकांडले. हँडल गर्रकन वळून माझ्या कपाळावर आपटलं.

"तशी नाय, बाय. हँडल पोटाकडे वळव, एक हात शिटीखाली घाल, आनि आंगाक घट धर. लहान भुरग्याक घेतंस तशी." पुन्हा उचलून घेतली. मग पुन्हा. पाचव्या वेळी मी बोळाच्या टोकापर्यंत जाऊन परत आले, तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून हसले.

मी त्यांना आमच्या घरातला तंटा सांगितला. ते चाकाची तार आवळत ऐकत होते. म्हणाले, "सायकल खंय घेवची ता लोक इचारतत. बिघाडली काय खंय न्हेवची, ता कोण इचारूक नाय. तू ता इचार." मग त्यांनी माझ्या साडीच्या निऱ्या बघितल्या आणि सांगितलं की चेनवर पूर्ण कव्हर पाहिजे, मागच्या चाकाला जाळी पाहिजे आणि ब्रेक दोन्ही हातांचे पाहिजेत, कारण तुझा दुसरा उतार थेट व्हाळात जातो. आमची वाट त्यांना माझ्याहून जास्त माहीत होती. दांड्याशिवायची एक हिरवी सायकल त्यांच्याकडे येणार होती. मी मनाशी ठरवून टाकलं, घ्यायची तर इथूनच.

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी आणि तातू एका बाजूला आलो. काय पण योग!

पण आबा ऐकेनात. मालवणची घेणार असाल तर मला विचारू नका, म्हणून ते रुसून बसले. आणि भावकीत एक माणूस रुसला की काम पुढे जात नाही, निदान तेव्हा जात नसे. सुट्टीचे आठ दिवस राहिले, मग सहा. हेडमास्तरांना लिहायचं पत्र मनात तीनदा लिहून झालं होतं. शेवटी तातूंनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "देवाक इचारूया."

आमच्याकडे हे नवीन नाही. जमिनीचा वाद, लग्नाची सोयरीक, विहिरीची जागा, काहीही अडलं की देवाला कौल लावायचा. देवाच्या पाषाणावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघायचं. साधारण उजवी पडली म्हणजे होय, डावी पडली म्हणजे नाही. आमच्या आईने मात्र स्वतःसाठी कधी कौल लावून घेतलेला मी पाहिला नाही. वडिलांच्या आजारपणात बायकांनी किती सांगितलं, तर म्हणायची, "माका काय इचारूचा नाय." आणि डॉक्टरकडे जायची.

माझं धाबं दणाणलं. सगळा गाव जमणार, तातू गाऱ्हाणं घालणार, आणि त्यांना पहिल्या दिवशीचा मुद्दा आठवला तर? बाईमाणसाने सायकलवर बसावं की नाही, असं त्यांनी एकदा देवाला विचारलं आणि डावी पाकळी पडली, की संपलं. मग कुणाचं काही चालणार नव्हतं. मी आईला तसं म्हटलं. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. फक्त संध्याकाळी ती तातूंच्या घरी जाऊन आली. काय बोलली ते मी मागोमाग जाऊन भिंतीआडून ऐकलं. ती म्हणत होती, "दादानू, देवाक नीट इचारा हां. उजवो कोणाचो, डावो कोणाचो, ता आधी सांगून ठेवा. नाय तर मागाहून आबाभावजी म्हणतले, माका फसवल्यानी."

"तो म्हणतलोच!" तातू गरजले. "तेका काय कमी समाजलंस!"

जत्रेची कामं ठरवायला देवळात मंडळी जमली होती, त्यातच आमचा प्रश्न घेतला. सकाळची वेळ. देवळात तेलाचा, ओल्या दगडाचा आणि झेंडूचा वास. पुरुष पुढे, बायका मागे खांबांपाशी. गुरवाने पाकळ्या लावल्या. तातू पुढे झाले, उपरणं सावरलं, आणि त्यांचा तो देवळातला वेगळा, खर्जातला आवाज लागला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे इली आसत. आमच्या भावकीतला एक चेडू मास्तरीण झालेला आसा..."

"होय म्हाराजा!" सगळी मंडळी म्हणाली.

"तेका शाळेत जावक सायकल घेवची आसा..."

"होय म्हाराजा!"

"ती मालवणातसून घेवची झाली तर उजवो कौल दी, आनि कुडाळातसून घेवची झाली तर डावो कौल दी. आनि खंयनाव घेतली तरी चढार, उतारार, साकवार तू तेची राखण कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी मनात म्हटलं, सुटले! घ्यावी की नको, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. पण पाकळ्या पडेनात. उजवीकडची पाकळी खालून जराशी सुटली होती आणि तातू तिच्याकडे डोळे वटारून बघत होते, पड म्हणून. आणि मग टपकन डावी पडली.

"डावो!" गुरव म्हणाला.

आबांच्या मिशा फुलल्या. पण पुढच्या रांगेतला एक म्हातारा, कानाने जरा मंद, मान हलवत मोठ्याने म्हणाला, "डावो म्हणजे नको. देवाक पसंत नाय. चेडवाक सायकल नको."

देवळात कुजबुज सुरू झाली. "नको म्हणता", "देवान सांगल्यान", "बरोबरच आसा". मागे वळून बघितलं तर आई खांबाला दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

तेवढ्यात तातू गर्रकन फिरले. हरलेला माणूस, त्यात कुणी तरी त्याच्या गाऱ्हाण्यात खोट काढलेली!

"कोण म्हणता नको?" ते कडाडले. "माज्या गाऱ्हाण्यात 'नको' होता? उजवो मालवण, डावो कुडाळ! चाळीस वर्सां गाऱ्हाणा घालतंय, मी काय इचारलंय ता माका शिकवतंस? देवान कुडाळ सांगल्यान. सायकल कुडाळातसूनच येतली. आयकलास सगळ्यांनी?"

"होय म्हाराजा!" मंडळी सवयीने म्हणाली.

आई खांबाशी खाली बसली. मला वाटलं, उपाशीपोटी उभं राहून चक्कर आली असेल. मी पाणी आणायला धावले.

आता पेद्रूबाबना कुठल्या तोंडाने सांगायचं? पण सांगायला तर हवं होतं. दुसऱ्या दिवशी मालवणला जाऊन मान खाली घालून सगळी हकीकत सांगितली. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी हात पुसले, बनियनवर शर्ट चढवला, एक पाना आणि एक पक्कड खिशात टाकली.

"चल," ते म्हणाले.

"खंय?"

"कुडाळाक. देवान दुकान सांगल्यान. त्यातली कोणची सायकल घेवची ता नाय सांगूक मरे?"

तातू आणि आबा त्या दिवशी परस्पर कुडाळला येणार होतेच. आम्ही चौघे तिथल्या दुकानात शिरलो, तेव्हा दुकानदार काउंटरवर हिशेबाची वही बंद करून उभाच राहिला. आबा खूश होते. सायकली खरोखरच लायनीत उभ्या होत्या. पेद्रूबाब एकेकीचं चाक उचलून फिरवायचे आणि डोळे मिटून कान लावायचे. पहिली नको. दुसरी नको. तिसरीचं चाक फिरवून त्यांनी तोंड वाकडं केलं. दुकानदार वैतागला. "तुमी कोण?" त्याने विचारलं.

"मी मालवणचो. माजा पण सायकलीचा दुकान आसा."

"मगे तुमी हंय कित्याक इलास?"

"आमच्या रवळनाथान धाडल्यान," पेद्रूबाब म्हणाले आणि चौथं चाक फिरवलं.

तातूंनी त्यांच्याकडे बघितलं. परतीच्या एसटीत त्यांनी आपल्या चंचीतलं पान स्वतःच्या हाताने लावून पेद्रूबाबना दिलं, आणि कुडाळात छत्री मात्र घेऊ नये, एवढं तरी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. चौथी सायकल, हिरवी, एसटीच्या टपावर होती. पेद्रूबाबनी वाटेत तिला आपल्या दुकानात उतरवून घेतलं आणि दोन दिवस ठेवून प्रत्येक बोल्ट सोडून पुन्हा आवळला.

शाळा उघडली त्या दिवशी सकाळी हवेत बोचरा गारवा होता. तातूंनी आपल्या अंगणात सायकलीला नारळ फोडला, हँडलला झेंडूची माळ घातली आणि "सावकाश जा गो" असं इतक्या जोरात ओरडले की आबांनी भिंतीपलीकडून, उद्देशून कुणालाच नाही, "बहिरी नाय ती" म्हटलं. आई विळा आणि दोरी घेऊन माझ्या मागोमाग निघाली. गवत कापायला जातेय म्हणाली. साकवाशी मी सायकल उचलली, हँडल पोटाकडे, एक हात सीटखाली, अंगाला घट्ट. मधोमध गेल्यावर खाली पाणी दिसलं, तशी डोळे पलीकडच्या काठावर ठेवून गेले. पलीकडे पोचून मागे बघितलं तर आई अलीकडच्या काठावर उभी. पहिला आठवडाभर ती रोज तिथवर आली. त्या बाजूला आमचं गवत नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले.

शाळेची घंटा व्हायच्या आत मी पोचले. घामाघूम, पायावर लाल माती, निऱ्यांवर चेनच्या ग्रीसचा एक ठिपकासुद्धा नाही. हेडमास्तर घड्याळाकडे बघून म्हणाले, "वा बाई." पुढे मी नोकरीत कायम झाले, बदल्या झाल्या, शाळा बदलल्या, साकवाच्या जागी पूल आला. सायकल मात्र तीच, आणि बिघडली की मालवणला पेद्रूबाबकडे, ते असेपर्यंत. आमच्या गावातून नंतर किती तरी मुली सायकलवरून हायस्कुलात गेल्या. तातू त्यांना ओटीवरून विचारायचे, "खंयची गो? मालवणची की कुडाळची?" आणि उत्तर काहीही आलं तरी वाद घालायचे.

मी निवृत्त झाले त्या वर्षीची कापणी. आई ऐंशीच्या पुढे गेली होती, पण सूप हातातून सुटलेलं नव्हतं. दुपार कलली होती, खळ्यात आम्ही दोघी. ती भात पाखडत होती, मी गोण भरत होते. असंच, मनात आलं म्हणून विचारलं, "आई, तेव्हा तातू बसू नये म्हणत होते आणि तू एकदम मालवण-कुडाळ काढलंस. मुद्दाम काढलंस ना?"

आईने सूप थांबवलं. मग म्हणाली, "मी फायनल पास झाललंय. म्हायत आसा?"

मला माहीत नव्हतं. वाचता येतं एवढंच माहीत होतं. सातवीची फायनल पास झालेल्या मुली त्या काळात मास्तरणी व्हायच्या.

"रत्नांग्रीक ट्रेनिंगाक बोलावणा इललां," ती म्हणाली. "दोन लुगडी बांधून ठेवललंय. बापूस म्हणालो, देवाक इचारूया. गाऱ्हाण्यात इचारल्यान, चेडवाक धाडू काय नको. डावो पडलो." तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "देवाक बोल नाय लावूचंय मी. तेका जसा इचारला, तसा तेना सांगल्यान. पण तेवा खांबाकडे उभी ऱ्हवान मनात ठरवलंय, माज्या चेडवाचा इचारूचो येळ इलो तर 'काय नको' असा कोणाक इचारूक देवचंय नाय. आनि तुजो पण डावोच पडलो गो. डावोच. माका वाटला, परत संपला."

पाणी आणायला मी धावले होते तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. खांबाला धरलेले तिचे ते दोन हात.

"आई," मी म्हटलं. छत्तीस वर्षं शिकवण्यात गेली माझी, आणि मला एक वाक्य बोलता येईना.

"ऊन उतारला," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हलवायला लागली. "भात आत घे. दव लागात."

मी गोण उचलून आत नेली. पडवीत सायकल उभी होती. तिच्या सीटवर डोकं टेकलं आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरून मी पोटभर रडले.